शोधप्रबंधाची उपयुक्तता कशी ठरवावी आणि कशी मांडावी

पीएचडीच्या आराखड्यातील ‘संशोधनाची उपयुक्तता’ हा परिच्छेद बहुतेक विद्यार्थी सर्वांत शेवटी आणि घाईघाईने लिहितात, त्यामुळे ‘हे संशोधन समाजाला उपयुक्त ठरेल’ यासारखे कोणत्याही विषयाला लागू पडेल असे वाक्य तिथे येऊन बसते. माझ्या मते हा परिच्छेद विषय पक्का होण्यापूर्वीच एकदा लिहून पाहावा.

लिहिताना एकच कसोटी लावावी: आपल्या निष्कर्षामुळे कोणाला कोणता निर्णय आजच्यापेक्षा वेगळा घेता येईल? समजा, विषय प्राथमिक वर्गांतील वाचनाचा आहे. ‘वाचनकौशल्य सुधारण्यास मदत होईल’ याऐवजी ‘जोडाक्षरे कोणत्या क्रमाने शिकवावीत हे दुसरीच्या शिक्षकांना ठरवता येईल’ असे लिहिले, की संशोधनाची सगळी मांडणीच बदलते. ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘ट्रक’ या शब्दांत र तीन निरनिराळ्या रूपांत येतो. मूल नेमके कुठे अडखळते हे कळायचे असेल, तर चाचणीत या तिन्ही रूपांची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. ही गरज माहिती गोळा करून झाल्यावर लक्षात आली, तर फार उशीर झालेला असतो. म्हणून प्रश्नावली पक्की करण्याआधी ती दोन-तीन अनुभवी शिक्षकांना दाखवावी.

सामाजिक शास्त्रांत स्थानिक आणि लहानसा वाटणारा प्रश्न निवडण्यास संकोच करू नये. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1965 मध्ये पूर्ण केलेला प्रबंध लॉस एंजेलिस परिसरातील भूजलाच्या एका खोऱ्याविषयी होता. अतिउपशामुळे तिथे समुद्राचे खारे पाणी आत शिरत होते आणि पाणी उपसणारेच एकत्र येऊन त्यावर व्यवस्था उभी करत होते. सामायिक संसाधनांचे व्यवस्थापन हाच पुढे त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय झाला आणि त्यासाठी त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मूलभूत विज्ञानात मात्र उपयोग ओढूनताणून दाखवू नये. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलँड यांनी डॉक्टरेटच्या काळात, 1985 मध्ये, मार्गदर्शक जेरार मूरू यांच्यासह लेझरचा स्पंद (प्रकाशाचा अतिशय अल्पकाळ टिकणारा झोत) आधी लांबवायचा, मग वर्धित करायचा, म्हणजे त्याची शक्ती वाढवायची, आणि शेवटी पुन्हा आखूड करायचा, ही पद्धत मांडली. शक्ती वाढवणाऱ्या उपकरणाला, म्हणजे वर्धकाला, इजा न होता स्पंदाची तीव्रता वाढवणे, एवढाच प्रश्न समोर होता. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतील वापर नंतर आला. अशा विषयात ‘कोणती तांत्रिक अडचण दूर होते’ एवढे नेमके लिहिले तरी पुरे.

इतिहास, भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांनी उपयुक्ततेच्या प्रश्नाने बिचकून जाऊ नये. चिकित्सक संपादन केलेली (उपलब्ध प्रती ताडून सिद्ध केलेली) संहिता, हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची किंवा बोलीचा शब्दसंग्रह पुढच्या अनेक अभ्यासकांची वर्षे वाचवतो. प्रबंधातील परिशिष्टे म्हणूनच मूळ प्रकरणांइतक्याच काळजीने तयार करावीत.

मौखिक परीक्षा झाल्यावर दोन कामे उरतात आणि ती महिन्याभरात उरकावीत. पहिले, ज्यांनी माहिती दिली त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत दोन पानांचे टिपण लिहावे, त्यात पारिभाषिक शब्द टाळावेत आणि निष्कर्ष कुठे लागू होत नाहीत हेही सांगावे. दुसरे, नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून, सहभागींच्या संमतीच्या मर्यादेत, माहितीसाठा विद्यापीठाच्या संग्रहात जमा करावा. त्यासोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ, मोजमापाचे एकक आणि रिकाम्या जागेचा अर्थ सांगणारा तक्ता जोडावा.