दहा बाय सोळाच्या खोलीत मन थाऱ्यावर कसं ठेवावं

मध्यंतरी पुन्हा कोविडच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा कांदिवलीहून भाचीचा फोन आला. दोन वर्षांचं मूल, नवरा घरूनच काम करणारा, सासऱ्यांना दमा. म्हणाली, "मावशी, परत घरात बसायची वेळ आली तर मला वेड लागेल गं. तुम्ही चाळीत चौघं कसे राहिलात?" अर्धा तास फोनवर सांगितलं, तरी बरंच राहून गेलं. म्हणून लिहून काढतेय. तिच्या उपयोगी पडेल तसं आणखी कुणाच्याही पडेल.

आमची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांची. आमच्या चाळीला गॅलरी नाही. मध्ये अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास मजल्यावर सामायिक. खोलीत मी, आमचे हे, तेव्हा ७६ वर्षांच्या सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. २५ मार्च २०२०ला, ऐन गुढीपाडव्याला लॉकडाऊन लागलं. लोकल त्याआधीच थांबल्या होत्या. पण अत्यावश्यक सेवेतल्या माणसांसाठी बेस्टच्या बस चालू होत्या आणि हे बेस्टमध्ये ड्रायव्हर. म्हणजे तिघं घरात कोंडलेले आणि चौथा रोज बाहेर जाऊन परत येणारा.

त्या दिवसांत "पॉझिटिव्ह" हा शब्द ऐकला तरी छातीत धस्स व्हायचं. म्हणून मी तो वापरत नाही. मन थाऱ्यावर ठेवणं म्हणते. सतत हसतमुख राहणं मला जमलं नाही, आणि ते कुणी स्वतःवर लादू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट कपड्यांची. सकाळी आंघोळ करून गाऊन बदला. पहिले आठ-नऊ दिवस मी दोनच गाऊन आलटून पालटून घालत होते. कुठे जायचंय, असं म्हणून केस विंचरणंही सोडलं होतं. मग एका सकाळी साडी नेसले, कुंकू लावलं, आणि दुपारपर्यंत माझ्याच लक्षात आलं की मी आज कमी चिडलेय. मुलालाही लेक्चरला बसताना बर्म्युडा बदलून पँट घालायला लावली. तो कुरकुरला, पण बसला.

वेळापत्रक तासातासाचं करू नका. मी वहीत केलं होतं, रेघा मारून, सकाळी सहा ते रात्री दहा. तिसऱ्या दिवशी पाणी उशिरा आलं आणि सगळं कोलमडलं. मग वही बघितली की अपराधी वाटायला लागलं. दिवसाला फक्त तीन खुंट्या ठोका. उठायची वेळ, दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायची वेळ आणि दिवेलागण. मधलं पुढेमागे झालं तरी चालतं. हे ड्युटीवर असले की त्यांचं ताट झाकून ठेवायचो, पण आम्ही तिघं बरोबरच बसायचो.

आता खिडकीचं सांगते, कारण आम्हाला तारलं ते तिनेच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मुलाचं मोबाइलवर लेक्चर, सासूबाईंचा टीव्ही, माझा कुकर. मुलगा ओरडला, "जरा गप्प बसा ना सगळे!" माझ्या हातात लाटणं होतं, ते मी ओट्यावर आपटलं. मोरीचा पडदा ओढून आत बसले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. पाणी वाया जातंय हेही कळत होतं. बाहेर टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला, मग स्टूल सरकवल्याचा. सासूबाई पडद्याबाहेरून म्हणाल्या, "ये, खिडकीशी बस. तासभर तुला कुणी हाक मारणार नाही. पोळ्या मी लाटते."

खोलीला खिडकी एकच. समोर दुसरी चाळ, मध्ये गुलमोहर. मी बसले. पहिली पाच मिनिटं नुसतीच धुमसत होते. मग कुठून तरी टुक टुक टुक असा एका लयीत आवाज यायला लागला. गुलमोहराच्या वरच्या फांदीवर हिरवा, एवढासा, छातीवर लाल ठिपक्याचा तांबट पक्षी. इतकी वर्षं या खोलीत राहतेय, तो मला कधी ऐकूच आला नव्हता. एरवी त्या वेळी दादरच्या गाड्यांचे भोंगे आणि खाली टेम्पो.

रात्री सासूबाईंनी सांगितलं, की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा याच खोलीत अकरा माणसं होती. गावचे लोक गिरणीत तीन पाळ्यांत जायचे. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक जेवत. "जागा कधीच पुरली नाही," त्या म्हणाल्या, "वेळ वाटून घेतली म्हणून राहिलो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खिडकी वाटून घेतली. प्रत्येकाला दिवसातून एक तास. त्या तासात त्या माणसाला हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही, चहा हवा का हेही विचारायचं नाही. तुमच्याकडे दोन खोल्या असोत की चार, हे करून बघा. कोपरा ठरवा, खुर्ची ठरवा आणि वेळ ठरवा. त्या वेळेत काय करायचं हे ज्याचं त्याने बघावं. मुलगा कानात इअरफोन घालून बसायचा. सासूबाई जप करायच्या आणि अर्ध्यात डुलक्या काढायच्या. मी काहीच करायचे नाही. ते मला शिकावं लागलं; हात रिकामे ठेवून बसायची सवयच नसते आपल्याला. पहिल्या दिवशी मी लसूण सोलायला घेतला होता, तो मुलाने हातातून काढून घेतला.

ह्यांचा तास रात्री. ड्युटीवरून आले की युनिफॉर्म सर्फच्या पाण्यात, मग मोरीत आंघोळ, मगच घरात वावर. पहिले कितीतरी दिवस हे बोललेच नाहीत. जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला राग यायचा. आम्ही दिवसभर वाट बघतो आणि हा माणूस एक शब्द बोलत नाही! मग एका रात्री खिडकीशी बसले असताना आपणहून म्हणाले, "भर दुपारी दादर टीटीच्या चौकात एक माणूस नव्हता. सिग्नल लाल झाला म्हणून मी थांबलो. आडवं जाणारं कुणीच नाही. तरी थांबलो." आणि रडले. मी काही बोलले नाही, नुसती शेजारी उभी राहिले. घरातला पुरुष गप्प झाला तर त्याला एकसारखं "काय झालं" विचारू नका. जागा द्या आणि आसपास राहा. बोलायचं असतं तेव्हा माणूस बोलतो.

बातम्या दिवसातून दोनदा, त्याही ठरल्या वेळी. टीव्हीवर आकड्यांची पट्टी सतत फिरत असायची आणि सासूबाईंचं बीपी तिच्याबरोबर चढायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मध्ये टीव्ही लावायचाच तर जुन्या मालिका. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या काढ्यांचं आणि उपायांचं म्हणाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका. आमच्याच मजल्यावर वाफ घेताना पातेलं उलटून एका पोराची मांडी भाजली. आणि दवाखान्यात जायचं कसं, हा प्रश्न वेगळाच. फोनचा चांगला उपयोग करा. मी रोज एका माणसाला फोन करायचे, रोज वेगळ्या. फोनवर आजाराचं बोलायचं नाही असं आधीच सांगायचे. मग निघायचं काय? पुण्याच्या नणंदेकडून शेवयांच्या खिरीचं प्रमाण, माहेरच्या वहिनीकडून विहिरीला किती पाणी आहे ते.

व्यायामाला जागा नाही ही सबब चालत नाही, पलंग भिंतीला लावला की एक सतरंजी मावते. मी सकाळी सहा सूर्यनमस्कार घालायचे. गुडघे दुखत असतील तर ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या, वीस वेळा. सासूबाई तेवढंच करायच्या. दुपारी आडवं पडू नका. मी दुपारी दोन-दोन तास झोपायला लागले आणि रात्री दोनपर्यंत छताकडे बघत राहायचे. नंतर खुर्चीवरच मान टेकून वीस मिनिटं, बस.

हाताला काम ठेवा. मी शिवणकाम करते, पण ब्लाउज कोण शिवायला टाकणार तेव्हा? पेटीत अस्तराचे तुकडे होते, सुती. तिहेरी कापडाचे मास्क शिवायला घेतले. सकाळी नऊ ते अकरा, मुलाचं लेक्चर नसताना, कारण मशीनचा आवाज त्यालाही त्रास देतो. पहिले दहा सफाईवाल्यांना दिले, मग ह्यांच्या डेपोत. कुणाला तरी आपली गरज आहे हे कळलं की दिवस सरतो. तुमच्याकडे मशीन नसेल तर मूग भिजत घाला, फडक्यात बांधा, मोड किती आले ते रोज बघा. तेवढंही पुरतं. पण या दिवसांत नवीन भाषा शिकलीच पाहिजे, वजन उतरलंच पाहिजे, असलं ओझं घेऊ नका.

मे महिन्यात मजल्यावर एक केस निघाली. त्या कुटुंबाला सेंटरला नेलं आणि मजला सील झाला. तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न संडासाचा. आम्ही मजल्यावर ठरवलं की प्रत्येक खोलीची बालदी, मग आणि चपला वेगळ्या, जाताना मास्क, आधी पाणी टाकायचं आणि आल्यावर साबणाने हात. सकाळी रांगेत उभं न राहता खोलीनुसार वेळा. हात धुऊन धुऊन माझ्या बोटांना चिरा पडल्या होत्या, मीठ लागलं की डोळ्यांत पाणी. रात्री खोबरेल तेल चोळून झोपायचे, चार-पाच दिवसांत फरक पडला. साधी गोष्ट आहे, पण स्वतःच्या हातांकडे रोज दोन मिनिटं बघणं हीसुद्धा काळजीच.

ते कुटुंब बरं होऊन परत आलं तेव्हा पॅसेजमधली दारं पटापट लागली. आमचंही लागलं. हे मी लपवत नाही. रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी उपमा केला, डबा त्यांच्या उंबऱ्याशी ठेवला, कडी वाजवली आणि लांब उभी राहिले. त्या बाईंनी दार उघडलं, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमच्या हातचा आहे ना," एवढंच म्हणाल्या. तुमच्या इमारतीत कुणी बरं होऊन आलं तर अंतर ठेवा, पण दार लावू नका. मला जी झोप लागली नाही, ती औषधाने लागणारी नव्हती.

आता दोन गोष्टी अगदी स्पष्ट सांगते. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या घरात ठेवा. ताप, खोकला लपवू नका. घरात ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम करून, नेलपॉलिश काढून लावा. ऑक्सिजनचा आकडा ९४च्या खाली गेला किंवा दम लागला तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

दुसरी मनाची. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच जीव लागत नाही, तर मदत मागा. आणि जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले तर एक दिवसही थांबू नका. आमच्या वेळी मला असा नंबर माहीत नव्हता, आता टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीतून बोलता येतं. फ्रिजवर चिकटवून ठेवा. घरच्यांसमोर बोलायची लाज वाटत असेल तर खिडकीच्या तासात बोला, तेव्हा कुणी मध्ये येत नाही.

परवा भाचीला परत फोन केला. म्हणाली, मावशी, आमच्याकडे कोपराच नाही. मी म्हटलं, हॉलच्या खिडकीत कुंड्या आहेत ना, त्यातली तुळस राहू दे, बाकीच्या बाथरूमशेजारी सरकव. स्टूल बसेल. पहिला तास सासऱ्यांना दे. मूल झोपेल तो तुझा.