फोर्टिगेट बूटच होत नाही? कन्सोल लावा

फोर्टिगेट म्हणजे फोर्टिनेटचा फायरवॉल. त्याच्या पॉवरचा दिवा हिरवा, पण पुढे काहीच नाही? आधी ॲडॅप्टर बदला. थकलेला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर मल्टीमीटरवर ठणठणीत दिसतो आणि लोड आला की कोसळतो.

मग फोर्टिगेटच्या कन्सोल पोर्टपासून लॅपटॉपला कन्सोल केबल लावून पुटी (बूटचे संदेश दाखवणारा टर्मिनल प्रोग्रॅम) उघडा: ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. केबल, कॉम पोर्ट बदलूनही स्क्रीन कोरीच राहिली, तर बहुधा बोर्डच गेलाय. अक्षरं उमटून मध्येच थांबली, तर संशय फ्लॅशवरच्या (आतल्या स्टोरेजवरच्या) फर्मवेअरवर, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर.

रीस्टार्ट करून मेनूसाठी लगेच कोणतीही कळ दाबा, दोन-तीन सेकंदच मिळतात. ‘एफ’ने फ्लॅश फॉरमॅट होते (कॉन्फिगही पुसलं जातं, बॅकअप हवाच), ‘जी’ने लॅपटॉपवर चालवलेल्या टीएफटीपी सर्व्हरवरून (साधा फाइल सर्व्हर) त्याच मॉडेलची फर्मवेअर इमेज येते. डाउनलोड अडकलं? बऱ्याचदा लॅपटॉपचाच फायरवॉल आडवा येत असतो.