थंडीत फसलेला निळ्या बाटलीचा प्रयोग कसा जमला

नाशिकची डिसेंबरमधली सकाळची शाळा, नववीचा वर्ग, आणि माझा लाडका निळ्या बाटलीचा प्रयोग. बाटली हलवली की निळी, ठेवली की रंगहीन. पण त्या दिवशी निळा रंग जाईचना, पाच-सहा मिनिटं झाली तरी तसाच, पोरं कंटाळली आणि मला फार वाईट वाटलं.

घरी विचार केला तेव्हा दोन चुका सापडल्या. एक म्हणजे पाणी गार. अल्कलीत (इथे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) ग्लुकोज मिथिलीन ब्लू या निळ्या डायचं क्षपण करतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतं, आणि रंग जातो, हे गारठ्यात फार हळू होतं. दुसरं, डाय जास्त पडला होता, मग तेवढा सगळा रंगहीन व्हायला वेळ लागणारच ना.

मग 500 मिलीच्या फ्लास्कमध्ये 300 मिली पाणी, 8 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, ते विरघळल्यावर 10 ग्रॅम ग्लुकोज आणि डायचे मोजके थेंब, आणि फ्लास्क कोमट पाण्याच्या पातेल्यात साधारण 30 अंशांवर. वरची रिकामी जागा मुद्दाम ठेवायची, कारण हलवल्यावर तिथलाच ऑक्सिजन पाण्यात विरघळून डायचं ऑक्सिडीकरण करतो, म्हणजे क्षपणाच्या उलट, आणि तो परत निळा होतो. गॉगल आणि हातमोजे मस्ट, बूच घट्ट, अंगठ्याने दाबायचं अजिबात नाही, कॉस्टिक आहे ते, कातडी भाजते. द्रावण त्याच दिवशी बनवायचं, ठेवलं की पिवळं पडतं.

या वेळी अर्ध्या मिनिटात रंग गेला, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, परत हलवा ना!"