फौजीच्या भत्त्यांसह मुलाची पोटगी कशी मागायची

घटस्फोटानंतरही मुलाचा खर्च बापाकडून मागता येतो. फौजीच्या बाबतीत घोळ होतो तो आकड्यात. अर्जात नुसतं बेसिक लिहिलं जातं आणि भत्ते बाहेर राहतात.

एक पगारपत्रक पुरत नाही, 12 महिन्यांची मागा. बेसिक, एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे फौजी सेवेचा वेगळा पगार; जवान ते जेसीओ, म्हणजे सुभेदार-नायब सुभेदार, 5,200 रुपये), महागाई भत्ता हे दर महिन्याला येतंच. फील्ड किंवा सियाचीन भत्ता मात्र पोस्टिंगबरोबर येतो नि जातो. सियाचीनच्या एकाच महिन्यावर रक्कम ठरली, तर पीस पोस्टिंग (शांत भागातली नेमणूक) येताच बाप बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 146 खाली कमी करायला अर्ज टाकणार. म्हणून अर्जातच दोन भाग करा : नेहमीच्या पगारावर ठराविक रक्कम, आणि फील्ड भत्ता मिळेल तोवर वरून काही.

वजावटीकडे नीट पाहा. आयकर, गट विमा, भविष्य निर्वाह फंडाची सक्तीची वर्गणी ठीक. पण फंडात स्वतःहून वाढवलेली रक्कम आणि गाडीचा हप्ता दाखवून 'हातात काहीच उरत नाही' म्हटलं, तर हरकत घ्या.

मुलांचा शिक्षण भत्ता बापाच्या खात्यात पडतो, तोही शाळेच्या दाखल्यावर. दाखला तुम्हीच देता, तेव्हा हा पैसा वेगळा द्यावा असं आदेशात लिहून घ्या.

अर्ज बीएनएसएसच्या कलम 144 खाली, तुम्ही राहता तिथल्या कोर्टात चालतो. त्यासाठी त्याच्या युनिटच्या गावी जायची गरज नाही. तालुका विधी सेवा समिती बाईला वकील फुकट देते, उत्पन्न कितीही असो. मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. कापूस वेचणीची मजुरी लपवू नका, उलटतपासणीत निघतेच. त्याच्या नावावर वावर असेल तर सातबारा जोडा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते (सर्वोच्च न्यायालय, 2020).

लष्कराकडे थेट अर्जही करता येतो. तिथे मर्यादा आहे : पत्नीला पगार-भत्त्यांच्या 22%, दर मुलाला 5.5%, एकूण 33%. कोर्टाला ही मर्यादा लागू नाही.

आर्मी अॅक्टच्या कलम 28 मुळे दिवाणी कोर्टाला पगार जप्त करता येत नाही. कपात लष्करातूनच व्हावी लागते. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत कमांडिंग ऑफिसरला आणि त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (गार्ड्स रेजिमेंटचं कामठीला) स्पीड पोस्टाने पाठवा. त्याचा आर्मी नंबर ठळक लिहा. थकबाकीचा वसुली अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात टाका, नाहीतर ती वाट बंद होते.