'आठवी जनरेशन' म्हणजे नक्की कितवी? जुना एक्सवन कार्बन ताडून घेताना

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या एखाद्या दुकानात लेनोव्होचा जुना थिंकपॅड एक्सवन कार्बन लॅपटॉप मागितला, की ऐकायला मिळतं, "दादा, एट्थ जनरेशन आहे, डोळे झाकून घ्या." हे खोटं नसतं, पण अर्धंच असतं. दुकानदार मोजतो ती इंटेलच्या प्रोसेसरची पिढी. लॅपटॉपची स्वतःची पिढी वेगळी मोजतात, आणि भाव ठरतो तो दोन्ही मिळून. आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेला कार्बन सहावा असतो किंवा सातवा. आठवा कार्बन हवा असेल तर त्यात दहाव्या पिढीचा प्रोसेसर निघतो. कितलाले (केवढ्याला), हे विचारण्याआधी कितवा, हे विचारा.

लक्षात ठेवायला सोपं गणित आहे. कार्बनच्या आकड्यात दोन मिळवले की प्रोसेसरची पिढी येते. २०१२ चा पहिला कार्बन तिसऱ्या पिढीचा, २०१८ चा सहावा आठव्या पिढीचा, २०२१ चा नववा अकराव्या पिढीचा, २०२३ चा अकरावा तेराव्या पिढीचा. गणित दोनच ठिकाणी चुकतं. पाचवा कार्बन काही ठिकाणी सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसह विकला गेला, आणि सातव्यात आधी आठवी आली, मग दहावी. बाराव्यापासून इंटेलने नावंच बदलली; तिथे 'कोअर अल्ट्रा' लिहिलेलं दिसेल.

तोंडी आकड्यावर जाऊ नका. लॅपटॉप पालथा करा. तळाच्या बारीक अक्षरांत मशीन टाइपची चार चिन्हं असतात, त्यांवरून पिढी पक्की कळते:

पाचवा: २०एचक्यू, २०एचआर, सहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर २०के३, २०के४
सहावा: २०केजी, २०केएच (वीस किलो नव्हे, अख्खं मशीन सव्वा किलोच्या आत आहे)
सातवा: २०क्यूडी, २०क्यूई, दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर २०आर१, २०आर२
आठवा: २०यू९, २०यूए
नववा: २०एक्सडब्ल्यू, २०एक्सएक्स
दहावा: २१सीबी, २१सीसी
अकरावा: २१एचएम, २१एचएन
बारावा: २१केसी, २१केडी

तळाचं झाकण बदललेलं असू शकतं. दोन मोडक्या मशीनचं एक चालतं मशीन करणं हा या धंद्यातला नित्याचा भाग आहे. म्हणून मशीन सुरू करताना एफ-वन दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जा. पहिल्याच पानावर मशीन टाइप आणि सीरियल नंबर दिसतो. तो तळाच्या नंबराशी जुळला पाहिजे. मग तोच सीरियल लेनोव्होच्या सपोर्ट साइटवर टाका. कारखान्यातून निघताना त्यात कोणता स्क्रीन होता, रॅम किती होती आणि वॉरंटी कधी संपली, ते समोर येतं. स्क्रीन मूळचा टू-के आणि समोर फुल एचडी दिसत असेल, तर पॅनल बदललेलं आहे.

ताडायचं काय

बॅटरी, एसएसडी, फॅन, थर्मल पेस्ट हे नंतर बदलता येतं. रॅम बदलता येत नाही. एक्सवन कार्बनच्या एकाही पिढीत रॅमचा स्लॉट नाही, चिप्स थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'रो ऑफ चिप्स' दिसतं, ते यामुळेच. "आठ आहे, सोळा करून देतो" असं कोणी म्हणालं तर त्याला या लॅपटॉपची माहिती नाही, किंवा तुम्हाला नाही असं तो धरून चालला आहे. पाचव्यापासून आठव्यापर्यंत कमाल १६ जीबी, नवव्या आणि दहाव्यात ३२, अकराव्यात आणि बाराव्यात ६४. नव्या पिढीचा ८ जीबीवाला आणि जुन्या पिढीचा १६ जीबीवाला एकाच भावात मिळत असतील, तर बहुतेक कामांना दुसरा बरा.

पिढ्या सारख्या अंतराने पुढे गेलेल्या नाहीत. काही वर्षी खरी उडी आहे, काही वर्षी नुसती रंगरंगोटी.

२०१४ चा दुसरा कार्बन तर मागे गेला होता. वरच्या फंक्शन कीज काढून तिथे स्पर्शाची पट्टी दिली, लाल ट्रॅकपॉइंटची (कीबोर्डच्या मधोमध असलेल्या, माउसचं काम करणाऱ्या टिकलीची) वेगळी बटणं काढली, कॅप्स लॉकच्या जागी होम आणि एंड बसवले. पुढच्याच वर्षी तिसऱ्यात बटणं आणि फंक्शन कीज परत आल्या. आज चौथ्यापर्यंतचे सगळेच सोडून द्या. त्यांचा चार्जरही जुन्या चौकोनी टोकाचा असतो.

पाचव्यात यूएसबी-सी चार्जिंग आणि दोन थंडरबोल्ट ३ पोर्ट आले. ६५ वॉटचा कोणताही चांगला यूएसबी-सी चार्जर चालतो. शहाद्यात किंवा रावेरला अस्सल चार्जर शोधत फिरण्यापेक्षा ही सोय मोठी आहे. पण पाचव्याच्या दोन अडचणी आहेत. डिसेंबर २०१६ ते ऑक्टोबर २०१७ या काळात बनलेल्या मशीनमध्ये आत सुटा स्क्रू राहिल्याची शक्यता होती. तो बॅटरीला लागून ती तापू शकते, म्हणून कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये ती तपासणीसाठी परत बोलावली होती. दुसरी अडचण विंडोज ११ ची. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स वापरणार नसाल तर पाचवा फुकट मिळाला तरी विचार करून घ्या.

सगळ्यात मोठी उडी पाचव्या-सहाव्याच्या मध्ये आहे. पाचव्यातला आय-सेव्हन ७६००यू दोन कोअरचा, सहाव्यातला आय-फाइव्ह ८३५०यू चार कोअरचा. मोठी एक्सेल शीट, टॅली आणि ब्राउझरचे वीस टॅब एकत्र उघडले, की सहाव्यातला आय-फाइव्ह पाचव्यातल्या आय-सेव्हनला मागे टाकतो. आय-सेव्हनचा स्टिकर बघून जास्त पैसे देणारे इथेच फसतात. सहाव्याच्या आत आय-फाइव्ह आणि आय-सेव्हन यांतला फरक थोडा आहे. दोन्हींत चारच कोअर.

सातवा आणि आठवा सहाव्यापेक्षा फार पुढे नाहीत. सातव्यात स्पीकर सुधारले, वजन थोडं उतरलं, पण बॅटरी ५७ वॉट-तासांवरून ५१ वर आली. त्यामुळे सहावा चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर सातव्यासाठी जास्त मोजायचं कारण नाही. आठव्यात प्रायव्हसी गार्डचा पडदा मिळू शकतो. तो बाजूने पाहणाऱ्याला अंधुक दिसतो, म्हणून विद्यार्थ्यांना शेजारी बसवून शिकवणाऱ्याने तो टाळावा.

नवव्यात पडदा १६:१० झाला, १९२० गुणिले १२००. वरून-खालून १२० ओळी पिक्सेल वाढले, म्हणजे एक्सेलमध्ये शंभर टक्के झूमवर चार ते सहा ओळी जास्त. केळीच्या वजनकाट्याच्या पट्ट्या भरणाऱ्याला त्या ओळी दिवसभर उपयोगी पडतात. बॅटरी पुन्हा ५७ वॉट-तासांची झाली, ग्राफिक्स सुधारलं आणि एकाऐवजी दोन फॅन आले. सेकंडहँडमध्ये आज पैसे वसूल करणारी पिढी हीच, असं आमचं मत आहे. दहाव्यात कोअर वाढले, कॅमेरा फुल एचडी झाला, पण प्रोसेसर यू आणि पी अशा दोन जातींत मिळतो. त्यातला फरक खाली उन्हाच्या भागात येतो. अकरावा म्हणजे दहाव्याची पुढची आवृत्ती.

भुसावळचा मे आणि पातळ लॅपटॉप

थिंकपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावा अशी कंपनीची अपेक्षा असते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. बाहेरची हवाच इतकी तापलेली असल्यावर प्रोसेसरला थंड व्हायला जागा उरत नाही, आणि तो स्वतःचा वेग उतरवतो. मशीन बंद पडत नाही, पण रेंगाळतं. लोक त्याला व्हायरस म्हणतात.

म्हणून दहाव्या कार्बनमध्ये पी प्रोसेसर २८ वॉटचा आणि यू १५ वॉटचा, हे आधी पाहा. आय-फाइव्ह १२४०पी कागदावर १२३५यू पेक्षा दणकट आहे. पण एसी नसलेल्या खोलीत त्याचा जोर टिकत नाही, आणि बॅटरीही लवकर उतरते. एसीत व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर पी घ्या. दुकान, शाळा, कापसाच्या जिनिंगचं ऑफिस यांना यू पुरेसा आहे.

जिनिंगची गोष्ट निघाली आहे तर: रुईचे तंतू धुळीपेक्षा वाईट. धूळ फुंकून निघते, रुई मात्र फॅनच्या मागच्या जाळीत नमद्यासारखी बसते. कूलरसमोरही लॅपटॉप ठेवू नका. डेझर्ट कूलरच्या वाऱ्यात पाण्याचे कण असतात, आणि आपल्याकडचं पाणी जड असल्याने आत पांढरे डाग पडून संपर्क खराब होतात. कूलर खोलीत असू द्या, त्याचा झोत लॅपटॉपवर नको.

तपासणी दुपारी करा. दुकानदाराने एसी लावला असेल तर दाराशी, उन्हाच्या बाजूच्या टेबलावर बसा. प्रोसेसरवर ताण देणारं सिनेबेंच आर२३ मल्टी-कोअरवर दहा मिनिटं चालू ठेवा आणि शेजारी वॉट आणि वेग दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'पॅकेज पॉवर' बघत राहा. सुरुवातीला वॉट उंच जातात, मग यू प्रोसेसरवर पंधराच्या आसपास येऊन स्थिरावतात. हे ठीक आहे. १० च्या खाली घसरत असतील, किंवा ८३५०यू सारख्या प्रोसेसरचा वेग त्याच्या मूळ १.७ गिगाहर्ट्झच्याही खाली जात असेल, तर जाळी तुंबली आहे नाहीतर पेस्ट वाळली आहे. हा दोष दुरुस्त होतो, पण भाव करताना मोजायचा. दोन मशीन ताडत असाल तर दोन्ही एकाच टेबलावर, एकाच वेळी, चार्जरवर लावून चालवा. एक सकाळी आणि एक दुपारी तपासलं तर आकड्यांना अर्थ नाही.

दुकान सोडण्याआधी

बॅटरी: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', जागा, तिरकी रेघ (/) आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. अहवालात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी मिळते. ५७,००० मिलिवॉट-तासांपैकी ४०,००० उरली असेल तर ती ७० टक्के. त्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करायला सांगा. मशीन काचेच्या काउंटरवर ठेवून कोपऱ्यांवर हलकं दाबा. डुगडुगत असेल, किंवा ट्रॅकपॅड वर आल्यासारखा वाटत असेल, तर बॅटरी फुगली आहे. असं मशीन नको.

यूएसबी-सी: दोन्ही पोर्टांत चार्जर लावा, प्रत्येकात सुलटा आणि उलटा. पाचव्या-सहाव्यात थंडरबोल्टच्या जुन्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) असा दोष होता, की काही काळाने पोर्टच बंद पडायचे. कंपनीने त्यासाठी सुधारित फर्मवेअर दिलं. ते घातलेलं आहे का, हे घेतल्याबरोबर बघून घ्या. आधीच मेलेला पोर्ट मात्र अपडेटने नेहमी जिवंत होत नाही. तिथे बोर्डचा खर्च येतो.

कुलूप: हे मशीन बहुधा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या लीजवरून येतं. बायोसला सुपरवायझर पासवर्ड असेल तर परत ठेवा, त्याचा सरळ उपाय बोर्ड बदलणं हाच आहे. दुसरा सापळा बारीक आहे. विंडोज नव्याने घालून वाय-फाय जोडल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचाच ईमेल मागितला जातो. म्हणजे मशीन त्या कंपनीच्या यादीतून काढलेलंच नाही. म्हणून दुकानातच रीसेट करून इंटरनेटला जोडून दाखवा म्हणावं. नेट नाही, असं उत्तर आलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट द्या.

एसएसडी: क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेल्थ आणि वापराचे तास बघा. बदलायची झाली तर एम.२, २२८० आकाराची, एकाच बाजूला चिप्स असलेली घ्या. दोन्ही बाजूंना चिप्स असलेली या पातळ तळात दाटून बसते.

घरी आणल्यावर झाकण उघडायचं असेल तर आधी बायोसमध्ये कॉन्फिग, मग पॉवर, मग 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी'. मशीन बंद होईल. चार्जर काढलेलाच ठेवा, तो लावला की बॅटरी पुन्हा चालू होते. तळाचे फिलिप्स स्क्रू पूर्ण निघत नाहीत, झाकणातच राहतात, ओढू नका. फॅनवर हवा मारताना पातं बोटाने धरा, नाहीतर जोराने फिरून बेअरिंग जातं.

दिवसभर प्लगवर असणारं मशीन असेल तर लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ७५ ते ८० टक्के ठेवा. गरमीत शंभर टक्क्यांवर तापत बसलेली बॅटरीच आधी फुगते. झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट होईल असं सेटिंग करा. विशेषतः सहाव्यात स्लीपमधलं मशीन बॅगेत जागंच राहतं, आणि धुळ्याहून नंदुरबारला एसटीत पोचेपर्यंत बॅग तापून बॅटरी उतरलेली असते. सहाव्याच्या बायोसमध्ये नंतरच्या अपडेटने कॉन्फिग, पॉवर यांत 'स्लीप स्टेट' असा पर्याय आला. तिथे 'लिनक्स' निवडलं की जुन्या पद्धतीची खोल झोप मिळते. हा बदल विंडोज नव्याने घालण्याआधी करा, नंतर केला तर काही मशीनवर स्लीपच बिघडते.