नोकरी सोडून डब्यांचा धंदा? आधी हे करून बघा

हाताला चव आहे, ऑफिसातले चार जण डब्यावर तुटून पडतात आणि साहेबाचा कंटाळा आलाय. पुण्या-ठाण्यातल्या बऱ्याच पोळीभाजी केंद्रांचा विचार इथूनच सुरू होतो. पण साहेबाचा कंटाळा हे नोकरी बदलायचं कारण झालं, धंदा काढायचं नव्हे. ही दोन कारणं आधी वेगळी करा. उद्या चांगला साहेब आणि थोडी पगारवाढ मिळाली, तरीही डबेच करावेसे वाटतील का? उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढचं वाचायची गरज नाही.

उत्तर ‘हो’ असेल तर कागद-पेन घ्या आणि एका डब्याचा हिशेब मांडा. समजा, डबा ८० रुपयांना विकताय. किराणा, भाजी, तेल मिळून ४० रुपये, गॅस आणि पॅकिंग १०, पोचवणाऱ्या मुलाचे १०. हातात राहिले २०. आता गाळ्याचं भाडं १५ हजार आणि पोळ्या करणाऱ्या मावशींचा पगार १५ हजार धरा. महिन्याला २६ दिवस, रोज ६० डबे म्हणजे १,५६० डबे, शिल्लक ३१,२००. तीस हजार वजा जाता तुम्हाला उरले बाराशे. रोज साठ डबे जातात म्हणून पाहुण्यांमध्ये कौतुक होईल ते वेगळं! महिन्याला ४० हजार घरी न्यायचे तर रोज साधारण १३५ डबे गेले पाहिजेत, आणि तेवढ्या डब्यांना एका मावशींचे हात पुरणार नाहीत. म्हणजे खर्च पुन्हा वाढला. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले भाव घालून बघा. मात्र स्वतःचा पगार खर्चात धरायचाच. ‘घरचंच माणूस आहे’ म्हणून तो सोडला, की तोट्यातला धंदाही नफ्यात दिसतो.

वर्षाचे बाराही महिने सारखे नसतात, हेही त्याच कागदावर लिहा. विद्यार्थ्यांवर अवलंबून राहिलात तर मे महिन्यात आणि दिवाळीत डबे गळतात. ऑफिसं महिनाअखेरीला पैसे देतात, भाजीवाला मात्र रोजच्या रोज मागतो. मधल्या दिवसांचं खेळतं भांडवल कुठून येणार?

आता प्रयोग. नोकरी न सोडता दोन-तीन महिने फक्त शनिवार-रविवारच्या ऑर्डरी घ्या. (नेमणूकपत्रात जोडधंद्याला मनाई आहे का ते आधी वाचा. सरकारी नोकरांना परवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही.) नातेवाइकांना आणि मित्रांना गिऱ्हाईक म्हणून मोजू नका, ते भिडेखातर घेतात. अनोळखी माणूस पूर्ण पैसे मोजून पुन्हा ऑर्डर देतो का, एवढंच बघा. सुरुवात छोटी असण्यात कमीपणा नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं.

या काळात स्वतःकडेही लक्ष ठेवा. स्वयंपाक आवडतो हे ठीकच, पण या धंद्यात स्वयंपाकाला जातो त्याहून जास्त वेळ बाजारहाट, भांडी, उधारीची आठवण करून देणं, मावशी आल्या नाहीत तर पहाटे स्वतः कणीक मळणं यात जातो. पैसे मागताना जीभ अडखळत असेल, तर घरातलं दुसरं कोणी ते करणार का, हे आत्ताच ठरवा. माझ्या मते इथे ‘नाही’ म्हणणारे सर्वांत जास्त निघतात, आणि ते शहाणपणाचंच आहे.

घरी बोलताना ‘पाठिंबा द्याल ना?’ असं मोघम विचारू नका. किती महिने पगार येणार नाही, हप्ते कशातून जाणार, दागिने गहाण ठेवायचे की नाही, हे आकड्यांत बोला. निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला असावा. ऑफिसचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आईवडील त्यात असतील तर राजीनाम्याआधीच वेगळी पॉलिसी काढा. घरासाठी कर्ज हवं असेल तर तेही पगारपत्रक हातात असतानाच बघा.

किती नुकसान झालं किंवा किती महिन्यांत किती डबे गेले नाहीत तर थांबायचं, ते आधीच लिहून घरच्यांकडे द्या. नंतर ‘अजून एक महिना’ म्हणण्याला अंत नसतो.

कागदपत्रांचं त्यामानाने सोपं आहे. घरातून डबे विकायलाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, अगदी शनिवार-रविवारपुरते विकले तरी. ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तेव्हा गॅसचा खर्च त्याच भावाने धरून वरचा हिशेब पुन्हा एकदा करा.