दिवाळीनंतरचे दोन महिने वरकस डोंगरासाठी ठेवा

भात झोडून झालं, पेंढ्याची उडवी रचली की आपल्या कोकणात शेतकरी जरा पाठ टेकतो. पुढचं काम आता आंबा-काजूच्या मोहोराचं, असं धरून चालतो. पण घरामागचा वरकस डोंगर, म्हणजे भात न होणारी उताराची हलकी जमीन, ज्यावर आज गवत आणि रानमोडीच्या तणाशिवाय काही उरलेलं नाही, तो सुधारायचा असेल तर त्याचे दिवस हेच आहेत. कार्तिक आणि मार्गशीर्ष. मातीत ओल आहे, पहार आत जाते, वहाळ (ओढा) वाहतो आहे, गवत अजून पुरतं वाळलेलं नाही. पौष सरला की यातलं काहीच हाती राहत नाही.

कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी वैशाखात विहिरीच्या तळाला कळशी आपटते. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात येतो. पूर्वी उतारावर झाडोरा आणि पातेरा होता, तो पाणी धरून ठेवत होता. लाकूडतोड, दर वर्षीची कवळ (भाताच्या रोपांची जागा, म्हणजे तरवा, भाजायला तोडलेल्या फांद्या) आणि वणवे यांनी तो गेला, मागोमाग माती वहाळातून खाडीत गेली. उरला तो मुरूम. ऑक्टोबर ते मे ही जमीन कोणत्याही दुष्काळी तालुक्याइतकीच कोरडी असते, म्हणून तिला कोरडवाहू समजूनच वागवायला हवं.

आधी कुठे हात लावायचा नाही ते ठरवा. कातळसडा, म्हणजे वरचं जांभ्याचं सपाट पठार, उघडा दिसतो म्हणून तो उजाड झालाय असं समजू नका, तो मुळातच तसा आहे. जांभ्यावर माती बोटभर, तिथे मोठं झाड उभं राहत नाही. श्रावण-भाद्रपदात याच सड्यावर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू फुलतात, खळग्यातल्या पाण्यात बेडकांची पिल्लं वाढतात आणि भेगांतून मुरलेलं पाणी खाली वाडीच्या झऱ्याला लागतं. गुरांचं गवतही तिथलंच. सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरची माती भरून तिथे झाडं लावण्याला मी डोंगर सुधारणं म्हणणार नाही. शिवाय उक्षी, बारसू, काशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी इथली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. अशी चित्रं मातीच्या पातळ थराखाली झाकलेलीही सापडतात. सड्यावर यंत्र चढवण्याआधी खराट्याने एकदा झाडून बघा.

सुधारायचा तो सड्याखालचा उतार. त्यावर पहिलं काम आगीचं.

वणवे पेटतात माघ-फाल्गुनात, पण ते अडवायचे मार्गशीर्षात. हद्दीला लागून 10 फूट रुंदीची जाळरेषा गवत कापून साफ करा. कापलेलं गवत रेषेत पडू देऊ नका, भारे बांधून गोठ्याकडे न्या. राहिलेलं रोपांच्या आळ्यात पसरा, मात्र हद्दीजवळच्या दोन रांगांना गवताऐवजी जांभ्याच्या चपट्या दगडांचं आच्छादन करा. दगडाखाली ओल टिकते आणि दगड पेटत नाही. बागेवरून विजेची तार जात असेल तर तिच्याखालची पट्टी सगळ्यात आधी साफ करा, तारांच्या ठिणग्यांनी गेलेल्या बागा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जाळल्याने गवत चांगलं येतं ही समजूत अजून गावोगाव आहे. हिरवा कोंब लवकर दिसतो हे खरं, पण पातेरा जळाल्यावर उघडी पडलेली माती पहिल्याच मिरगाच्या सरीला निघून जाते. आणि राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे.

एका वर्षी घरात लग्न होतं, माझी जाळरेषा राहून गेली. फेब्रुवारीत भर दुपारी शेजारच्या बांधावरून आग आली आणि तीन वर्षांची काजूची कलमं अर्ध्या तासात गेली. संध्याकाळी राखेत फिरताना ऐनाच्या खुंटाला हात लावला, साल गरम होती. जूनमध्ये त्याच खुंटाला सात फुटवे आले. लावलेलं गेलं आणि जे मी कधी मोजलंच नव्हतं ते उभं राहिलं. तेव्हापासून माझा भर नव्या रोपांपेक्षा जुन्या खुंटांवर आहे.

म्हणून आत्ता डोंगरात जाल तेव्हा खाली वाकून बघा. गवतात गुडघाभर उंचीची झुडपं दिसतात, त्यातली कितीतरी मुळात झाडं असतात. तोडून, जळून, गुरांनी खाऊन खुजी राहिलेली. पान उलटं करून देठाजवळ मधल्या शिरेवर दोन गाठी दिसल्या तर तो ऐन. किंजळ, जांभूळ, कुंभा, शिवण असेच सापडतील. खुंटाला पाच-सहा फुटवे असतील तर जमिनीलगत आलेले, सरळ आणि जोमदार असे दोन ठेवा, बाकीचे धारदार कोयत्याने बुंध्यालगत साफ कापा. खाली जुनी मुळं खोल गेलेली असतात, म्हणून असा फुटवा नव्या रोपाला सहज मागे टाकतो. पाणी घालावं लागत नाही की खड्डा मारावा लागत नाही. ठेवलेल्या खुंटांना चुन्याचा पट्टा मारा, म्हणजे बेणणी (गवत-झुडपांची साफसफाई) करणाऱ्या गड्याच्या हातून ते जाणार नाहीत. ग्रासकटर चालवणाऱ्याला तर सोबत फिरून दाखवा.

रानमोडी मात्र मुळासकट उपटा, तीही बी उडायच्या आत. करवंदाच्या आणि धायटीच्या जाळ्यांना हात लावू नका. पाखरं त्यांत बसून बिया टाकतात आणि काट्यांआड गुरांपासून रोप वाचतं. डोंगर साफ करण्याच्या नादात आपण हेच आधी तोडतो.

मोकळ्या राहिलेल्या जागा आत्ता खुणा करून ठेवा, लागवड जूनला. उघड्या उतारावर वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 काजू अर्धचंद्राकृती आळ्यात, वहाळाच्या अंगाला रातांबा (कोकम) आणि फणस, हद्दीला माणगा बांबू. सगळा डोंगर काजूखाली आणू नका, ओघळीच्या दोन्ही कडांचा झाडोरा तसाच राहू द्या.

चर खोदायचे तर तुटक समतल चर खोदा. एवढ्या पावसात लांबलचक सलग चर एका जागी फुटला की तिथूनच घळ पडते. समपातळीसाठी तीन बांबूंची ए-फ्रेम पुरते: शेंड्याला दोरीने दगड लटकवा, सपाट जागेवर आडव्या बांबूवर मधली खूण करा आणि उतारावर दोरी त्या खुणेवर येईल तिथे तिथे खुंटी ठोका. माती खालच्या अंगाला टाका. एक गोष्ट कळकळीने सांगतो: घरांच्या वरच्या बाजूला, तीव्र उतारावर, खोल माती असेल तिथे चर मारू नका. तिथे पाणी मुरवणं धोक्याचं आहे. 2021 ला तळिये आणि 2023 ला इर्शाळवाडी दरडीखाली गेलेली आपण पाहिली. अशा जागी झाडोरा राखा आणि पाणी बाजूने वाहून जाऊ द्या.

वनराई बंधाऱ्याला, म्हणजे वहाळावर मातीच्या पोत्यांनी घातलेल्या तात्पुरत्या बांधाला, उशीर करू नका, धार बारीक झाल्यावर बांधलेला बंधारा भरतच नाही. तळाला कातळ आणि अरुंद पात्र अशी जागा निवडा. पोती पाऊण भरून शिवा, विटांसारखे सांधे मोडत रचा, दोन ओळींमध्ये चिकणमाती तुडवून भरा. वरून थोडं पाणी सांडू द्या, खालच्या वाडीला आणि वहाळातल्या माशांनाही ते लागतं.

राहिली कवळ. तरवा भाजायला दर वर्षी तीच झाडं ओरबाडली तर वरचं सगळं वाया जाईल. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत वाफ्याला भाताच्या तुसाची काळी राख आणि शेताला गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला वापरतात. यंदा मिलमधून तूस आणून ठेवा, बांधावर लावायला गिरिपुष्पाच्या फांद्या कुणाकडे मिळतील ते विचारून ठेवा.

सामाईक सातबाऱ्याचा डोंगर असेल तर मुंबईकर भाऊबंदांना आत्ताच फोन करा. शिमग्याला गावी आले की बोलू म्हणाल तर तोवर वणव्याचे दिवस आलेले असतात. वाडीची बैठक घेऊन डोंगराचा एक तुकडा तीन वर्षं चराईला बंद ठेवा आणि तिथलं गवत कापून न्यायला सगळ्यांना मोकळीक द्या, म्हणजे गुरंवाल्यांचा विरोध राहत नाही. त्याच बैठकीत बंधाऱ्याची पोती मेअखेर कोण काढणार त्याचं नाव लिहून घ्या. पहिल्या पुरात ती वाहिली की सगळं प्लास्टिक खाडीत जातं.